काढलेली आजारपणं

कागदपत्रं आली शेवटी. टपालानं, एका खोक्यात.
अकराशे चाळीस पानं, साडेपाच किलो.
चार वर्षांची असताना माझं जेवढं वजन होतं
त्याच्या बरोबर निम्मं.

दुलूथला फेब्रुवारी आहे. सरोवर बंदरापर्यंत गोठलंय,
लोहखनिजाची जहाजं धक्क्याला बांधून
मार्चची वाट बघत पडलीत.
मी खोकं फ्रिजवर ठेवते. मग खुर्चीवर. मग न्हाणीघरात.
शेवटी जेवणाच्या टेबलावर, भाजीच्या सुरीनं उघडते.

डॉक्टरांचं टाइप केलेलं. मध्ये मध्ये तिचं अक्षर,
वळणदार, ओळीखाली एकदाही न घसरलेलं.
पहाटे तीन दहा : उलटी.
चार : थरथर.
पावणेपाच : माझ्याकडे बघून हसली, शूर पोर.
मी हसले होते का, हे सांगायला
त्या खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

चर्चमधल्या बायका म्हणायच्या,
मार्लिसनं किती आजारपणं काढली या पोरीची.
काढली. खरंच काढली.
पाटीवर चित्रं काढावीत तशी, एकेक,
एक पुसायचं, दुसरं काढायचं,
आणि पाटी मी.

पेट्रोल पंपाच्या गल्ल्याशेजारी
लोणच्याची रिकामी बरणी असायची, माझा फोटो चिकटवलेली.
नाकात नळी, डोक्यावर तिनं विणलेली टोपी.
‘कायसासाठी.’
लाकडं वाहणारे ट्रकवाले उरलेली चिल्लर टाकायचे.
मला वाटायचं, ती बरणी म्हणजेच माझं पोट.
सगळे तिच्यात काहीतरी टाकतात
आणि माझ्या तोंडात कुणी काही नाही.

कुणी नाही कसं? ताउनो.
नऊ वर्षांचा भाऊ. कोटाच्या बाहीतून
लोणी लावलेला भाजका पाव आणला त्यानं,
बाहीची लोकर चिकटलेली.
पलंगाखाली झोपून खाल्ला मी, लोकरीसकट.
तिनं सांगितलं होतं, एक घास खाशील तर मरशील.
रात्रभर जागी राहिले मरायला.
काही झालं नाही.
त्या ‘काही झालं नाही’ची जी भीती वाटली
तशी पुढे कुठल्याच सुईची वाटली नाही.
कुणाला सांगू? तिला?

पान सातशे दोन. रात्रपाळीची नर्स, बोल्यू.
‘आई गुरुवारी घरी गेली. ताप तिच्याबरोबर गेला.’
बस, एवढंच. खाली पेनानं दोनदा ओढलेली रेघ,
कागद जरासा फाटलेला.
त्या रेघेनंतरही अकरा महिने लागले.
अकरा महिन्यांची पानं मी अजून वाचलेली नाहीत.

आणि एक गोष्ट कुठल्याच पानावर नाही.
तिचा हात गार असायचा.
कपाळावर ठेवला की खोलीतली सगळी यंत्रं
लांब कुठेतरी वाजायला लागायची.
तो हात मला हवा असायचा.
निरोगी कपाळावर तो कधी आला नाही,
म्हणून मीही, कधीकधी, कण्हायचे.
हे वकिलाला सांगितलं नाही.
तिला शिक्षा झाली त्या दिवशीही नाही.

मंगळवारी अंगात कणकण आली.
थर्मामीटर तीनदा लावला, तिन्ही वेळा वाटलं
खोटं बोलतोय, किंवा मी बोलतेय.
फार्गोला ताउनोला फोन केला.
‘मला वाटतं मला ताप आहे.’
तिकडे त्याच्या मुलांचा गोंगाट, कुत्र्याचं भुंकणं.
‘मग असेल,’ तो म्हणाला. ‘पाव खाल्लास का?’

लिफाफ्याच्या पाठीवर लिहून ठेवलं :
मंगळवार. ताप, एकशे एक.
अक्षर हुबेहूब तिचं आलं.
खोडलं. पेन डाव्या हातात घेतलं
आणि पुन्हा लिहिलं. वाकडंतिकडं,
ओळ सोडून खाली घसरलेलं.
ताप, एकशे एक. माझा.