विसाराआधी

माइल्स सिटीच्या जत्रेच्या शेडमध्ये,
जिथे ऑगस्टात बैलांचा लिलाव होतो,
तिथे निळा गालिचा अंथरून उभी केली आहे ती.
विक्रीची गाडी अजून कारखान्यातून निघायचीय.
ही आधीची. चाचणीची. हाताने जुळवलेली.
शेजारी कोऱ्या बुटांतला एक मुलगा,
छातीवर नाव: ट्रेव्हन.
"हात लावून बघा ना," तो म्हणाला.
कुणाला म्हणतोय, त्याला काय माहीत.

एकतीस वर्षं मी दारं बसवली.
टोलीडोला, दुसऱ्या पाळीत, अगदी शेवटच्या टप्प्यावर.
यंत्र दार आणून टांगायचं, आणि ते चुकलेलं असायचं
नखभर.
मग खाली गुडघा लावायचा, वरून खांद्याने रेटायचं,
एक हुंकार,
की दार जागेवर.
कागदोपत्री या कामाला नाव नव्हतं.
गुडघ्याला अजून आहे आठवण; जिना चढताना तो मोजतो.

तर मी डोळे मिटले
आणि बॉनेटच्या कडेवरून अंगठा नेला.
डावीकडे फट तीन मिलिमीटर.
उजवीकडे साडेचार, दिव्यापाशी पाच.
दाराचं रबर कोपऱ्यात दुमडलेलं.
दार लावलं. आवाज भारदस्त आला,
पण आवाजाचं काय, तो विकत मिळतो,
दाराच्या पोटात डांबराची चकती चिकटवली की झालं.
पुन्हा उघडलं. बिजागरीच्या मागे वाकून पाहिलं:
पिवळ्या खडूने कुणीतरी लिहिलेलं,
'अजून थोडं'.

कोण असशील बाबा तू?
तुझाही गुडघा दुखतो का?

"हे सगळं सुधारणार आहे," ट्रेव्हन म्हणाला,
"हा तर नुसता नमुना."
शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात,
पण हे शीत वेगळ्याच पातेल्यात शिजलेलं.
खरी गाडी याहून बरी निघेल?
की हिला शंभर हातांनी जपलं
म्हणून ही निदान इतकी तरी बरी?
मला सांगता येईना.
एकतीस वर्षांनंतरही येईना,
आणि विसाराचा चेक तर खिशात लिहून तयार.

चेक रोनासाठी होता. माझी मुलगी,
गुरांची डॉक्टर, तीन काउंट्यांमध्ये एकटी.
तिने एकाही फटीकडे पाहिलं नाही.
मागचं फळकं पाडलं, हौद्यात चढली,
बूट आपटत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली
आणि काखोटीची बाटली उघडून
सगळं पाणी ओतलं.

"अहो, अहो," ट्रेव्हन.

आम्ही तिघेही बघत राहिलो.
पाणी आधी गोंधळलं,
मग मागे, भोकाकडे जायच्या ऐवजी
पुढच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसलं.
हललं नाही.
"इथे रक्त साचेल," रोना म्हणाली. "रात्रीत गोठेल.
सकाळी मी ते खोऱ्याने खरवडत बसणार."
"पण मॅडम, ही अजून उत्पादनाआधीची…"
"गाय अडते तेव्हा विचारत नाही," ती म्हणाली,
"गाडी कुठल्या टप्प्यातली आहे ते."

मी अंगठ्याने एवढं मोजलं
आणि ते पाणी माझ्या लक्षातही आलं नसतं.
मी दाराचा माणूस. मी कडा बघतो.

बाहेर मार्चचा बर्फ चिखल झालेला.
तिच्या जुन्या गाडीचं दार
उचलून मग ओढावं लागतं; मी उचललं, तिने ओढलं.
"चेक?" तिने विचारलं.
मी खिसा दाबून पाहिला. "आहे."
"असू दे."

हातमोजे शेडमध्ये विसरलो, म्हणून परत गेलो.
गर्दी पांगली होती.
ट्रेव्हन हौद्यात गुडघ्यांवर बसला होता,
स्वतःच्या रुमालाने कोपरा टिपत.
मग रुमाल तसाच टाकून
त्याने खिशातून पेन काढलं,
कागद सापडेना,
तर तळहातावर काहीतरी लिहू लागला.

मी हातमोजे न घेताच मागे फिरलो.
त्याचं लिहून होऊ दे.