शेड नंबर

नऊ मिलिमीटरचा खडा डबीत घालून दिला डॉक्टर हत्तुरेंनी,
वर चिठ्ठी : अंबादास गुंडेटी, डावी बाजू.
आत नळी ठेवलीय, म्हणाले,
दोन्ही टोकांना वळलेली.
तीन आठवड्यांनी काढू. विसरू नका,
लोक विसरतात.
पाणी तीन लिटर. लघवीचा रंग बघत जा.

रंग बघणं माझा धंदाच.
अठ्ठावीस वर्षं डाइंगच्या हौदाशी उभा आहे,
सूत ओलं असतानाच सांगतो, वाळल्यावर काय उतरणार.
पहिल्या दिवशी फिका गुलाबी, टॉवेलच्या काठाचा.
तिसऱ्या दिवशी पगाराला कारखान्याचा जिना चढलो,
तर डाळिंबी.
फोनवर सिस्टर म्हणाली, नळी घासते,
चालायचंच, गाठी पडल्या तर या.
मी वहीत शेड नंबर लिहीत गेलो.

तीन लिटर!
विडी घरकुलात नळ पाचव्या दिवशी येतो.
भूलक्ष्मीनं माझं पिंप वेगळं केलं, वर खडूनं नाव.
पोरांनी त्यातलं घ्यायचं नाही.
तासातासाला तांब्या पुढं : नीळ्ळु.
आणि दर खेपेला, लघवी करताना,
कंबरेत कुणी सुताची गाठ ओढावी तशी कळ.
मल्लेशम कुळथाचं पाणी घेऊन आला,
त्याच्या मेहुण्याला लागू पडलेलं.
तिनं ते खिडकीत ठेवलं. अजून तिथंच आहे.

नवव्या दिवशी रंग साफ.
वहीत लिहिलं : पाण्यासारखं, ओके.
त्याच दुपारी, त्रेचाळीस डिग्रीत,
पत्रे तडतडत असताना
मी म्हणालो, पेटीतली चादर दे.

तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं.
विड्यांचं सूप बाजूला सारलं.
माझे दात वाजत होते
आणि मी सांगत होतो, रंग बरा आहे, वही बघ.
तिनं वही बघितली नाही.
रिक्षात चादर टाकली, मला टाकलं,
खड्याची डबी कशाला घेतली कुणास ठाऊक.

हत्तुरे म्हणाले, रात्र काढली असतीत
तर अवघड होतं. जंतू रक्तात उतरलेत.
पाच दिवस सलाईन, सुया.
दवाखान्यात नळाला रात्रंदिवस पाणी.
भूलक्ष्मी बाटल्या भरून पोरांबरोबर घरी पाठवायची,
सिस्टर दुसरीकडं बघायची.

आता कॅलेंडरवर एकाच तारखेला दोन खुणा :
नळ आणि नळी.
मी म्हटलं, पाणी भरून जाऊ.
ती म्हणाली, आधी नळी.
पिंपावरचं माझं नाव
तिनं अजून पुसलेलं नाही.