नऊ टक्के

त्रिपोलीहून फोन. रात्रीचा एक वाजून गेलेला.
आधी नुसता श्वास, मागे कुणाच्या तरी जनरेटरची घरघर,
मग एक मुलगा: तुम्ही माणूस आहात की रेकॉर्डिंग?

माणूस, मी म्हटलं. युम्ना.

बैरूतच्या या खोलीत भिंतीला एक कागद चिकटवलाय:
सल्ला देऊ नका. वचन देऊ नका.
सरळ विचारा, शब्द चावू नका.
म्हणून सरळ विचारलं, जीव द्यायचं मनात आहे का?
हो म्हणाला.
इतकं हलकं, जणू दुकानदाराने विचारलं होतं
पिशवी हवी का.

मग तो बोलत गेला, मी हुंकार भरत राहिले.
वडिलांचे पैसे बँकेत आहेत, आणि नाहीत.
भाऊ जर्मनीत; फोन करतो तेव्हा आवाजावरून कळतं
नुकतंच रडून झालंय.
आई रात्री घासलेलीच भांडी पुन्हा घासते.
तो रवाद. सतरा वर्षांचा. त्याला काही होत नाही,
हेच तर, म्हणाला, मला काहीच होत नाही आता.

आणि मग: नऊ टक्के राहिलेत.

बॅटरी.
माझ्या पोटात खड्डा.
वीज कधी येते तुमच्याकडे?
हसला. पहिल्यांदाच. तुम्ही काय पॅरिसला राहता?

जनरेटर कुणाचा वाजतोय?
खालच्या उस्ताद नजीबांचा. गणित शिकवायचे.
बायकोला ऑक्सिजनचं यंत्र लावलंय, म्हणून रात्रभर.
म्हणजे जागे असतील.
जागेच असतात.

सात टक्के.
कागदावर यासाठी काही नव्हतं.
रवाद, चार्जर घे, खाली जा, दार वाजव.
आत्ता? सांगू काय?
फोन चार्ज करायचाय सांग. खोटं नाही ते.
खरं सांगितलंस तरी चालेल.

जिना ऐकला मी. चप्पल, थांबणं, चप्पल.
कडी.
म्हातारा खोकला, मग: अरे, तू? ये, चपला राहू दे पायात.
आणि लाइन गेली.

त्याचा नंबर मी तळहातावर लिहिला होता,
कागद समोर असून.
मार्सेलने पाहिलं, बोलली नाही काही,
सूर्यफुलाच्या बियांची पुडी माझ्याकडे सरकवली.
वीस मिनिटांत टरफलांचा ढीग झाला.
खाल्ल्या किती, आठवत नाही.

परत लावला. वाजला, वाजला.
हॅलो.
मागे यंत्र श्वास घेत होतं, कुणा बाईसाठी,
ठरलेल्या तालात.
उस्तादांनी पाव आणि झातर काढलंय, म्हणाला,
बसून आहेत समोर. विचारत काहीच नाहीत.
मग थांबून: मी सांगितलं त्यांना. थोडं.

उद्या करू का फोन?
मी नसेन कदाचित. इथे कुणीतरी असेल.
माणूस?
माणूस.

तेवीस टक्के, तो म्हणाला,
आणि फोन ठेवायचं विसरला.
मीही ठेवला नाही.