फुली आणि गोल

ओल्वेनबाईंनी अकरा अंडी आणून दिली,
नातवाच्या लोकरी टोपीत घालून.
"धुऊ नकोस," एवढंच म्हणाल्या
आणि गाडी मागे घेताना
आमचं फाटक पुन्हा एकदा वाकवून गेल्या.

खाकी कॅम्बेल. नाव हवालदाराचं,
चाल मात्र पेन्शन आणायला निघाल्यासारखी.

चिखलाचे बूट काढायच्या खोलीत
डीप-फ्रीझरवर उबवणीचं यंत्र ठेवलं,
दुसरीकडे सपाट जागाच नव्हती.
वर साडेसदतीस अंश, खाली उणे अठरा.

नेरिसनं पेन्सिलीनं प्रत्येक अंड्यावर
एका बाजूला फुली काढली, दुसरीकडे गोल.
सकाळी फुली वर, दुपारी गोल,
झोपायच्या आधी पुन्हा फुली.
तिला वाटलं, हा खेळच आहे
आणि कोण जिंकतंय ते मी लपवतेय.

टायवीच्या या खोऱ्यात मराठी बोलायला
मला रविवारचा फोन होता,
आता ही अंडी.
फिरवता फिरवता काहीबाही सांगायचे:
मोहरी संपली. गेथिन पुन्हा बुटांसकट आत आला.
मेंढी लंगडतेय, जाऊदे, तुम्हाला काय त्याचं.

सातव्या रात्री दिवे घालवून
मोबाइलच्या उजेडावर एकेक धरलं.
तीन नुसतीच पिवळी,
आत कुणी राहत नसलेली.
बाकी आठांत लाल शिरांचं जाळं,
मध्ये काळा ठिपका,
उजेड लागताच दचकून सरकणारा.
नेरिस कुजबुजली, "सॉरी."

पंचविसाव्या दिवसानंतर हात लावायचा नाही.
ते तीन दिवस आम्हा तिघांनाही
हातांचं काय करावं कळेना.
मी यंत्राशी वाकून म्हणाले, "काय गं?"
आणि आतून, कवचाआडून,
बारीक, ओलं, चिडकं उत्तर आलं.

सात बाहेर पडली.
आठव्यानं चोचीएवढी खिडकी पाडली
आणि मग तिथेच थांबलं.
ओल्वेनबाई फोनवर म्हणाल्या, "थांबा."
रात्री गेथिननं चिमटा हातात घेतलेला मी पाहिला.
ठेवलेलाही पाहिला.
सकाळी ते अंडं हॉथॉर्नखाली पुरलं, गोल वर करून.

मग जून-जुलै नुसता चिखल.
पाणी दिलं की चिखल, दाणे दिले की चिखल,
न्हाणीघराच्या टबात आठवडाभर ठेवली
तर तिथेही, कुठून कोण जाणे, चिखल.
गेथिन इंग्रजीत बोलवायचा, वेल्शमध्ये बोलवायचा,
ती एक डोळा तिरका करून त्याला बघायची.
मी म्हटलं, "या गं या,"
की सातही पाय आपटत, एकमेकींवर आदळत.
गेथिन म्हणाला, "तुझ्या गावची आहेत."

सातव्या आठवड्यात आवाज बदलतो.
माणसात मुलग्याला कंठ फुटतो,
इथे उलटं:
मादी खणखणीत ओरडू लागते
आणि नराचा आवाज बसतो,
कागद चुरगळावा तसा घोगरा.
ओल्वेनबाईंनी सांगितलं होतं,
गोंगाट करतील त्या ठेवायच्या.

नेरिस एकेकाला उचलून कानाशी धरायची,
ती स्वतः वर्गात हळू बोलते
म्हणून शाळेतून दोनदा चिठ्ठी आलेली.
कॅलेंडरच्या मागे तिनं पेन्सिलीनं मांडलं:
गोल तीन, फुल्या चार.
आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी, कुंपणाला ब्लॅकबेरी पिकलेल्या.
नेरिस शाळेच्या मैत्रिणीकडे.
पाणी उकळायला ठेवलेलं, सुरी धुतलेली.
गेथिन अर्धा तास धावला,
एकही त्याच्या हाती लागेना.
घामेजून फाटकाला टेकला,
माझ्याकडे बघितलं नाही.

मी डबा वाजवला.
नेहमीचा "गं" तोंडात आला होता,
तो गिळला.
"या रे," म्हटलं, "या."

सातही आली.
माना पुढे काढून, धापा टाकत,
सगळ्यात पुढे घोगऱ्या आवाजाचा एक.