गिट्टीचा देश

एकतीस वर्षं पाताळपाणी माझ्या पाठीमागे पडत होतं.
महूहून आलेली मीटरगेज तिथे थांबायची,
पुढे काळाकुंडपर्यंत चाळिसात एक असा उतार,
म्हणून आधी ब्रेकची तपासणी.
प्रवासी दारांत लोंबकळत,
“अरे देख भिया, क्या गिर रहा है!”
आणि मी चाकाशी वाकलेला,
ठोकळा पोलादाला नीट टेकतोय ना, एवढंच.
कधी वारा फिरला की चोरल नदी सदऱ्यावर यायची.
धबधब्याची माझी ओळख तेवढीच:
पाठ ओली.

मग शिट्टी, हिरवी झेंडी,
टंट्यामामाच्या देवळाला हात,
आणि खाली.

निवृत्त झालो. राजेंद्रनगरला दोन खोल्या,
गच्चीवर तुळस, पेन्शनीची डायरी.
केतकीने परस्पर तिकीट काढलं.
“बाबा, आइसलँड. जाड मोजे मी घेतलेत.”
मी लौंगेची शेव घेतली, दोन किलो,
विमानतळावरच्या पोऱ्याने पुडी हुंगली, शिंकला,
आणि फार आदराने परत दिली.

तिथले धबधबे...
केतकी विचारत राहिली, कसं वाटतंय बाबा.
मला काही तपासायचं नव्हतं.
हात कुठे ठेवावेत तेच कळेना.
वर हिमनदी, दुरून मळक्या उशीसारखी,
तिच्यातून सुटलेलं पाणी राखाडी,
भांडी घासलेल्या राखेचं निथळ असावं तसं,
आणि खाली पडताना मात्र पांढरं.
एका ठिकाणी पायवाट पाण्याच्या मागून जाते.
गेलो, गुडघा धरून.
आतून पाहिलं: पडदा, पडद्यापलीकडे हिरवं रान,
रंगीत टोप्यांची माणसं पुसट.
एकतीस वर्षं ज्याला पाठ दाखवली
त्याची पाठ मी पाहत होतो.
फार वेळ नाही. चष्मा भिजला.

बाहेर आलो आणि सवयीने वाकलो.
काळा दगड, मुठीएवढा, कोन धारदार.
“केतकी, ही तर गिट्टी!”
ती हसली. म्हणाली, लाव्हा आहे बाबा,
आपला माळवाही असाच वाहत आलाय,
हा कालपरवाचा,
आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.
“म्हणजे आपला रिटायर.”
“हो. पेन्शनवर.”

मैलोगणती गिट्टी. डोंगर गिट्टीचे,
समुद्रकाठची वाळूसुद्धा गिट्टीचा चुरा.
विचारलं, इथली लाइन कुठून जाते?
“बाबा, या देशात रेल्वेच नाही.”

त्या रात्री, रात्र कसली,
पडद्याच्या फटीतून बारा वाजताही ऊन,
झोप आली नाही.
मी रूळ टाकत बसलो.
हिमनदीला वळसा, मग छोटा बोगदा,
इथे पूल, सात गाळ्यांचा,
इथे उतार सुरू, म्हणजे त्याआधी थांबा.
थांब्याला नाव सुचेना.
ब्रेक तपासायला दहा मिनिटं धरली,
आणि गार्डला पाच मिनिटं जास्त.

सप्टेंबरात इंदुरात परत. एका रविवारी
पर्यटकांची गाडी पकडली, काचेच्या मोठ्या खिडक्यांची.
माझ्याकडे तिकीट होतं, ते खिशात दोनदा चाचपलं.
पाताळपाणीला सगळे एका बाजूला धावले,
डबा किंचित कलला असं मला वाटलं.
चोरल भरून आली होती. लालसर, चहासारखी,
तीच जुन्या लाव्ह्याच्या कड्यावरून उडी घेत होती.
तिला हिमनदी नाही. जे आहे ते
जुलै ते दिवाळी.

मी पाहिलं. समोरून, बसून,
शेजारच्या मुलीने दिलेला चिप्स खात.

आणि मग खाली लक्ष गेलं:
नवा गार्ड, पंचविशीतला, छातीवर नाव लोकेश,
चाकाशी वाकलेला,
सदरा पाठीला चिकटलेला.
हाक मारावीशी वाटली: भिया, जरा मागे बघ.
काच उघडत नव्हती.
उघडली असती तरी
पुढे चाळिसात एक होतं.
तो उठला, गुडघे झटकले,
झेंडी उलगडली.