उत्तर न आल्यास

कळमना यार्डात, मिरचीच्या लिलावगृहावर,
लोखंडी जिना संपतो तिथे एक खोली.
रॅकमधला स्विच बावीस महिन्यांनी उघडला
तर पंख्याच्या पात्यांवर लाल भुकटी.
शिंकले. पुन्हा शिंकले.
खालून शालिकभाऊ ओरडले, "मॅडम, झालं का जी?"
"कुठचं जी, आत्ता तर सुरू करून राहिले."

लॅपटॉप मांडीवर, निळी केबल कन्सोलला.
काम एवढंच,
कोणाला आत घ्यायचं हे यानं यापुढे
स्वतःच्या मनानं ठरवायचं नाही.
आधी सिव्हिल लाइन्सच्या सर्व्हरला विचारायचं.
तो हो म्हणेल तर आत.
आणि सर्व्हरपर्यंत आवाजच पोचला नाही,
रिंग रोडच्या खोदकामात कुठे केबल तुटली,
तर घरची वही काढायची.

नवीन पोरांना हे मी दोनदा सांगते,
नकार आणि गप्प राहणं एक नाही.
सर्व्हर "नाही" म्हणाला की संपलं,
दुसऱ्या दाराशी जायचं नाही.
तो काहीच बोलला नाही तरच
पाच सेकंद थांबायचं, परत विचारायचं,
असं तीनदा,
मग खालच्या ओळीकडे.

घरची वही उघडली. नावं दोन.
एक ॲडमिन.
दुसरं उंदीरवाडे.

सर रिटायर होऊन उमरेडला गेले, चार वर्षं झाली.
त्यांचा पासवर्ड रॅकच्या दाराला आतून
खडूनं लिहिलेला, अजून वाचता येतो:
बायकोचं माहेर आणि लग्नाचं साल.
अख्ख्या यार्डाला पाठ, हमालसुद्धा सांगेल.
याच स्टुलावर बसवून त्यांनी शिकवलं होतं,
दुसरी खिडकी उघडी ठेवल्याबिगर
कुलूप बदलायचं नाही, बाप्पा.
आपणच बाहेर राहिलो तर
रात्री हसायलाही कोणी नसते.

दुसरी खिडकी उघडी ठेवली.
यादी लिहिली, लागू केली,
सर्व्हरकडची केबल उपटून पाहिली.
कर्सर थांबला.
पाच.
दहा.
पंधरा.

दिवाळीत सरांचा फोन आला होता, तीनदा.
एकदा मी मीटिंगमध्ये, एकदा गाडीवर.
तिसऱ्यांदा कशातच नव्हते.
करू नंतर, म्हटलं.
नाही म्हणायचं नव्हतंच मला.
मग त्यांनी कोणाला विचारलं असेल?
माझ्याखाली कोणती ओळ होती?

स्विचनं ॲडमिनचा पासवर्ड मागितला. दिला. आत घेतलं.
केबल जागेवर लावली
आणि उंदीरवाडे हे नाव काढून टाकलं.
नियम आहे. ठेवलं असतं
तर त्यांनीच कान पिळला असता.
स्विच काही म्हणाला नाही,
नुसती पुढची ओळ दाखवली.
सेव्ह केलं. दारावरचा खडू राहू दिला,
आता त्यानं काही उघडत नाही.

पावणेपाचला खाली उतरले.
फाटकाबाहेर भिवापूरचा पहिला ट्रक, इंजिन चालूच.
"कोण हाय?" शालिकभाऊ अंधारातून, टॉर्च न लावता.
घसा मिरचीनं बसलेला,
नाव सांगायला गेले तर खोकलाच आला.
"हव, या," म्हणत त्यांनी कडी काढली.

उमरेडला लोक लवकर उठतात,
सर तर साडेचारलाच.
ट्रकच्या उजेडात नंबर शोधला.
रिंग जाऊन राहिली होती.
मी मोजत नव्हते.