धारेनंतर

मैंदर्गीत सकाळी सहाला
इराव्वाच्या छपरात उकिडवी बसून
शिंप्याच्या टेपनं मी कास मोजते.
घेर चौतीस. सडांमधलं अंतर अकरा.
डावा सड जरा आखूड.
वहीत प्रत्येक शेळीला नंबर.

इराव्वाला नंबर लागत नाहीत.
"ही मुकी. ही गाजरी. अन् ही
दुधनीच्या बाजारातली, मला फसवून आलेली."

फसवणारीचीच कास सगळ्यांत मोठी!
टेप बेचाळीसवर, मी खूश.
धार मात्र चरवीचा तळ झाकून थांबली,
आणि पिळून झाल्यावरही कास तशीच,
घट्ट,
भाकरीसाठी मळून ठेवलेल्या पिठागत.

"मांस हाय ते. दूध न्हवं.
भरल्याली कास कुणीबी बघंल, पोरी,
धार काढल्यावर बघ."

मुकी डोळ्यांत भरण्यासारखी नव्हतीच.
पाऊण लिटर देऊन झालं
तशी तिची कास सुरकुतली, मऊ पडली,
रात्री काढून खुंटीला टांगलेल्या
इराव्वाच्या चोळीसारखी.
तिथं टेप लावायला
का कोण जाणे, मला संकोच वाटला.

तरी लावली.
वहीत एक रकाना वाढवला.
तोवर गाजरीच्या करडानं
पानाचा कोपरा खाल्ला होता,
बेचाळीससकट.